‘सोय हवी तर सुरक्षा बंद करा’ या सल्ल्याबद्दल

संगणक कटकट करू लागला की एक सल्ला हमखास पुढे ढकलला जातो. त्याचा आशय असा, की ऑपरेटिंग सिस्टीममध्ये सुरक्षा आणि सोय ही तराजूची दोन पारडी आहेत आणि एक वर गेले की दुसरे खाली येणारच. म्हणून परवानगी विचारणाऱ्या चौकटी बंद कराव्यात, अपडेट थांबवावेत, रोजचे काम सर्व अधिकार असलेल्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातूनच करावे, पासवर्ड मात्र अवघड ठेवून वरचेवर बदलावा, आणि बाकी सावध माणसाला काही होत नाही. यामागचा वैताग खरा आहे. पण त्यातून काढलेले निष्कर्ष एकेक करून तपासले, तर अपडेटविषयीचा तेवढा अर्धामुर्धा टिकतो.

मूळ गृहीतकच आधी पाहू. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975 मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली, तेव्हा किमान अधिकाराच्या (म्हणजे प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार देण्याच्या) तत्त्वाच्या जोडीला त्यांनी मानसिक स्वीकारार्हतेचे तत्त्वही ठेवले होते: यंत्रणा वापरायला इतकी सोपी असावी, की माणसाच्या हातून ती सवयीनेच बरोबर वापरली जावी. म्हणजे या विषयाच्या पायाभरणीतच सोय ही सुरक्षेची अट मानली गेली होती. विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीत फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून येणारी नको ती जोडणी अडवणारी भिंत, होती, पण ती बंद अवस्थेत मिळत असे. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर हा वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) नेटवर्कवरून पसरला आणि पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅक 2 या मोठ्या अपडेटपासून तीच फायरवॉल मुळातच चालू ठेवून दिली जाऊ लागली. संरक्षण वाढले, आणि त्यासाठी बहुतेकांना काहीही शिकावे लागले नाही.

परवानगीच्या चौकटींविषयीची तक्रार अधिक गंभीरपणे घ्यायला हवी, कारण तिला इतिहास आहे. 2007 च्या जानेवारीत सर्वांसाठी उपलब्ध झालेल्या विंडोज व्हिस्टाने ‘यूजर अकाउंट कंट्रोल’, म्हणजे या चौकटी दाखवणारी यंत्रणा, आणले आणि लोक अक्षरशः जेरीस आले. मात्र या चौकटी एवढ्या का येत होत्या, हे सल्ला देणारे सांगत नाहीत. एक्सपीच्या काळात जवळपास प्रत्येक जण अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणूनच काम करत असल्यामुळे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही तीच सवय लागली होती, आणि साधी एखादी सेटिंग जपून ठेवायलाही त्यांचे प्रोग्राम संपूर्ण यंत्रणेसाठी राखलेल्या जागेत लिहायला जात. व्हिस्टाने तिथे अडवले. या त्रासामागे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांवर दबाव आणण्याचाही हेतू होता, हे मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्याने 2008 मध्ये जाहीरपणे कबूल केले. (भांडण कंपनीचे आणि प्रोग्रामरांचे, मार मात्र वापरणाऱ्याला, हा आक्षेप त्यावर घेता येतो आणि तो रास्तच आहे.)

2009 च्या विंडोज 7 मध्ये चार पायऱ्यांची सरकपट्टी आली आणि वापरणाऱ्याने स्वतः विंडोजच्या सेटिंग बदलल्या तर विचारणा होईनाशी झाली. ती सवलतही फुकट मिळाली नाही: चाचणी आवृत्तीतच संशोधकांनी दाखवून दिले, की तिचा आडोसा घेऊन एखादा प्रोग्राम गुपचूप वरचे अधिकार मिळवू शकतो. तेव्हा चौकटींची संख्या किती असावी, यावर वाद जरूर घालावा. पण त्या पूर्ण बंद केल्या, की अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून उघडलेला प्रत्येक प्रोग्राम, मग तो ईमेलमधून आलेली एखादी फाइल का असेना, काहीही न विचारता पूर्ण अधिकार मिळवू शकतो. चौकट येताना पडदा काळवंडतो तोही उगाच नाही. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला आपल्या वतीने ‘होय’ दाबता येऊ नये, म्हणून ती वेगळ्या सुरक्षित पडद्यावर दाखवली जाते.

सावध माणसाला काही होत नाही, या दाव्याला वॉनाक्रायचे उदाहरण पुरे आहे. 12 मे 2017 रोजी पसरू लागलेल्या या रॅन्समवेअरला, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामला, कोणी दुव्यावर क्लिक करण्याची गरज नव्हती. नेटवर्कवर फाइल वाटून घेण्याच्या विंडोजमधील जुन्या पद्धतीतील (प्रोटोकॉलमधील) त्रुटी वापरून ते एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप जात होते. त्या त्रुटीवरील दुरुस्ती 14 मार्चलाच उपलब्ध झाली होती. जवळपास दोन महिने हातात असूनही ज्यांनी अपडेट घेतला नव्हता, त्यांच्या सावधपणाला वाव मिळालाच नाही.

आता अपडेट. इथे समोरच्याचे म्हणणे बरेचसे मान्य करायला हवे. विंडोज 10 च्या होम आवृत्तीत सुरुवातीला अपडेट पुढे ढकलण्याची साधी सोयही नव्हती. 2018 च्या ऑक्टोबरमधील मोठ्या अपडेटने काही जणांच्या फाइलच पुसल्या आणि तो मागे घ्यावा लागला. 19 जुलै 2024 रोजी तर क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार, 85 लाख विंडोज यंत्रे कोलमडली. म्हणून अपडेट काही दिवस थांबवणे शहाणपणाचे ठरू शकते, आणि 2019 पासून होम आवृत्तीतही तसे करता येते. कायमचे बंद करणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण दुरुस्ती जाहीर झाली की नेमकी त्रुटी कुठे होती, हे हल्लेखोरालाही कळते. शिवाय अपडेट म्हणजे कामाचा खोळंबा, हेही अटळ नाही. अँड्रॉइडने 7.0 या आवृत्तीपासून, 2016 मध्ये, यंत्रणेच्या दोन प्रती ठेवण्याची सोय दिली: एक वापरात असताना दुसरीवर अपडेट चढतो, रीस्टार्ट केल्यावर अदलाबदल होते, आणि नवी प्रत सुरू झाली नाही तर जुनी परत येते. ज्या फोनमध्ये ही सोय आहे, तिथे वापरणाऱ्याला एका रीस्टार्टपलीकडे फारसे काही जाणवत नाही.

पासवर्डबाबत हा सल्ला उलट्या दिशेने चुकतो. मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नये, असे अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने 2017 मध्येच सांगितले, कारण सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो. पासवर्डऐवजी वापरता येणारा विंडोजचा छोटा पिन दुबळा वाटतो खरा. पण तो त्याच यंत्राशी बांधलेला असतो, सर्व्हरकडे जात नाही, आणि काही चुकीच्या प्रयत्नांनंतर अडवला जातो.

सोय आणि सुरक्षा यांत खरोखर ताण असलेली जागा या सल्ल्यात येतच नाही: डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचे सारे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असे सांकेतिक करून ठेवणे. विंडोज 11 च्या 2024 मधील आवृत्तीपासून, नव्याने केलेल्या स्थापनेत मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केले की ते बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू होते, आणि अडचणीत डिस्क उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की त्याच खात्यात साठवली जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर हा बंदोबस्त उत्तम. पण दुरुस्तीत मदरबोर्ड (संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड) बदलल्यावर ती की मागितली गेली आणि त्या खात्यात शिरण्याचा मार्गच हरवलेला असेल, तर डिस्कवरचे काहीही मालकालासुद्धा वाचता येत नाही. ती की आज आपल्याला सापडते का, हे खात्यात जाऊन पाहायला काही मिनिटे लागतात, आणि ती कागदावर उतरवून यंत्रापासून दूर ठेवायला आणखी काही.