शिडी दिलीय की!

शनिवारी एका दगडी भिंतीवर मी चाळीस मिनिटं डोकं आपटलं. म्हणजे मी नाही, पडद्यावरचा तो पिळदार गडी. भाचा सुट्टीला व्हिडिओ गेमचा कन्सोल घेऊन आलाय. "मामा, तोवर तू खेळ, मी आंघोळ करून येतो," म्हणाला आणि मला एका पडक्या किल्ल्यात सोडून गेला.

सोबतीला खालच्या मजल्यावरचा मुलगा. वय वर्षं आठ, मांडीवर चिवड्याची वाटी. बराच वेळ तो शेंगदाणे वेचत गप्प बसला. मग म्हणाला,

"काका, इथे तुम्ही आला होतात."

"माहितेय."

"तीनदा."

"मग रस्ता सांग ना!"

"सांगितलाय की."

"कुणी?"

"गेमने." एक शेंगदाणा तोंडात. "दिवा कुठे लावलाय?"

"त्या दारावर."

"कशाला?"

"अंधार आहे म्हणून."

त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं आजवर फक्त बँकेच्या खिडकीआडून पाहिलं गेलंय, मी केवायसीचा फॉर्म घेऊन भलत्याच रांगेत उभा होतो तेव्हा.

"उजेड दिसला की माणूस तिकडे जातो, काका. म्हणून लावलाय."

"अरे, पण दाराला कुलूप आहे!"

"शिडी दिलीय की. शिडीला पिवळा रंग फासलाय."

"मला तो गंज वाटला."

यावर तो काहीच बोलला नाही. ते जास्त लागलं.

आता मी काही अगदीच अडाणी नाही. १९८५ चा मारिओ आमच्याकडे नकली कॅसेटवर आला, तेव्हा गल्लीतली सगळी पोरं माझ्याकडे बघून शिकली. त्यात तरी कोण काय सांगत होतं? गडी पडद्याच्या डाव्या अंगाला उभा, उजवीकडे सगळं मोकळं; पोर आपोआप उजवीकडे पळायचं. ताकद वाढवणारं पहिलं मशरूम पाइपला आपटून उलट तुमच्याच अंगावर यायचं, चुकवायचं म्हटलं तरी पंचाईत. शिकवलं जातंय हे कळायचंही नाही. २०२० च्या 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' या गेममध्ये तर नुसता वारा सुटतो, गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे घोडा वळवायचा. याला म्हणतात अदब!

आणि पिवळा रंग? त्यामागचं कारण मला पटतं, हीच अडचण आहे. पूर्वी पडद्यावर दहा दगड असायचे, त्यातला वेगळा दिसेल तो चढायचा. आता दगड हजार आणि प्रत्येकावर खरंखुरं शेवाळ. त्यातला चढण्याजोगा कुठला, हे रंगवल्याशिवाय कळणार कसं? २०२३ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल ४' हा जुना गेम नव्याने आला, तेव्हा त्यातल्या पिवळ्या शिड्या नि पिंपांवरून लोक भांडले होते: आम्हाला काय बावळट समजता? मीही तावातावाने तेच म्हणत होतो. रंग बावळटांसाठी असतो, असं माझं मत होतं. शनिवारपर्यंत.

गेम बनवणारे म्हणे अनोळखी माणसाला खेळायला बसवतात आणि मागे उभं राहून बघतात, हा कुठे अडखळतो. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. जिथे अडखळला तिथे दिवा हलवायचा, भिंत पाडायची. भुताखेतांच्या खोट्या किल्ल्यासाठी एवढी काळजी! मागच्या महिन्यात आईला एक्स-रेसाठी एका मोठ्या इस्पितळात नेलं. तिथेही फरशीवर पिवळा पट्टा होता, 'एक्स-रे' लिहून, बाण काढून. व्हीलचेअर ढकलत पट्टा धरून निघालो, तर तो एका लोखंडी कपाटाखाली शिरला तो बाहेर आलाच नाही. वॉचमन म्हणाला, "सरळ जा आणि विचारा." कुणाला विचारू? आई तेवढ्यात दोनदा म्हणाली, "राहू दे रे, परत जाऊ." ते कपाट तिथे ठेवणाऱ्याच्या मागे कधी कुणी वाटी घेऊन बसलं असेल?

असो. भाचा टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "मामा, अजून इथेच?"

"काकांना पिवळा दिसत नाही," खालच्याने अहवाल दिला आणि वाटी माझ्या हातात देऊन निघून गेला. वाटीत फक्त कढीपत्ता उरला होता.

आज सकाळी लिफ्टमध्ये त्याची आई भेटली. "काय हो, मोतीबिंदू का?"