प्रिंटरला एक पत्ता द्या, बस्स!

प्रिंटरला कायमचा एक आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, हवाय. एवढीच मागणी! पण राउटर बनवणाऱ्यांनी ही 'रिझर्व्हेशन'ची, म्हणजे ठरावीक यंत्रासाठी पत्ता राखून ठेवायची, सोय लपवायचा चंगच बांधलाय. कधी ती लॅनच्या (घरच्या नेटवर्कच्या) पानावर, कधी डीएचसीपीच्या (आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेच्या), कधी 'ॲडव्हान्स्ड'च्या पोटात. सापडली, तर मॅक ॲड्रेसची, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरच्या ओळखीची, बारा अक्षरं हातानं टाका. कोलन हवा की डॅश, ते सेव्ह दाबून लाल अक्षरं आल्यावर कळणार. मग राउटर रीस्टार्ट, आणि घरभर ओरडा: "नेट गेलं!"

त्यात हल्लीचे फोन नेटवर्कगणिक वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस दाखवतात. गोपनीयतेसाठी ठीक आहे हो, पण खऱ्या ॲड्रेसवर केलेलं रिझर्व्हेशन बसतं बोंबलत.

आणि काही महाभाग! डीएचसीपी शेवटचा आकडा १०० ते २०० असलेले पत्ते वाटतोय, आणि हे थेट प्रिंटरच्या मेनूत जाऊन १९२.१६८.१.१२० ठोकून मोकळे. राउटरला याचा पत्ताच नाही. उद्या तोच आकडा तो एखाद्या लॅपटॉपला देऊन बसतो. मग दोघांची जुंपते, छपाई अडते आणि शिव्या खातो बिचारा प्रिंटर. अरे, ५० घ्या ना, ५०! रिकामाच पडलाय तो!