सिएटलचा चर आणि पुण्याचा पाऊस

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हटकून फिरू लागतो. सिएटल शहराने एका रस्त्यालगत उथळ गवती चर, म्हणजेच स्वेल, खणून रस्त्यावरून वाहून जाणारे 99 टक्के पाणी अडवले. तेव्हा आपणही आवारातले पावसाळी गटार बुजवून उताराला आडवा चर खणावा, म्हणजे पाणी तुंबणार नाही, बोअर भरेल आणि चराकडे पुन्हा बघावेही लागणार नाही, असा त्याचा आशय असतो. चर ही सोय चांगली आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर खपवलेली ही विधाने तपासून घेणे भाग आहे.

पहिला मुद्दा सिएटलचा. 99 टक्क्यांच्या घरातला आकडा खरा आहे. 2001 साली पूर्ण झालेल्या त्या प्रकल्पाच्या मोजणीतून तो आला. मात्र तिथे केवळ चर खणला नव्हता. सरळ रस्ता वळणदार करून डांबरी पट्टा 14 फुटांपर्यंत अरुंद केला, शंभराच्या आसपास झाडे आणि हजाराहून अधिक झुडपे लावली. शिवाय सिएटलचा पाऊस म्हणजे महिनोन्‌महिने चालणारी रिपरिप. वर्षाची बेरीज पुण्यापेक्षा फार वेगळी नसली, तरी आपल्याकडे वळवाची किंवा परतीच्या पावसाची एकच सर तासाभरात जे ओतते, ते तिथे क्वचितच पाहायला मिळते. चराची परीक्षा वार्षिक बेरजेवर होत नाही, तर तासाच्या माऱ्यावर होते.

‘पाणी तुंबणार नाही’ या विधानाचा हिशेब कागदावरच करून पाहता येतो. समजा, गच्ची आणि पार्किंग मिळून 1,500 चौरस मीटर जागेचे पाणी चरात येते आणि तासाभरात 40 मिलिमीटर पाऊस झाला. पडलेले पाणी झाले 60 हजार लिटर. दहावा हिस्सा इकडेतिकडे मुरला असे धरले, तरी 54 हजार लिटर चराकडे धावणार. चर 40 मीटर लांब, वर दीड मीटर रुंद, मध्यभागी 30 सेंटिमीटर खोल आणि बशीसारख्या गोलाईचा असेल, तर लांबीच्या दिशेने तळाला ढाळ नाही असे धरून काठोकाठ भरल्यावरही त्यात साधारण 12 हजार लिटर मावतात. खाली चांगला मुरूम असून तासाला 25 मिलिमीटर पाणी मुरत असेल, तर आणखी दीड हजार लिटर जिरतील. काळी माती असेल, तर ती भिजून फुगल्यावर तेवढेही नाही. उरलेले 40 हजार लिटर पाणी, गटार बुजवले असेल तर, कोणाच्या जिन्यात शिरायचे?

हाच चर तीन मिलिमीटरच्या सरीत मात्र सगळे साडेचार हजार लिटर पोटात घेऊ शकतो. पार्किंगमधले तेल आणि धूळ घेऊन येणारे पाणी मुख्यतः अशाच लहान सरींचे आणि मोठ्या पावसाच्या सुरुवातीचे असते. ते ओढ्यात जाण्याआधी गवतातून संथपणे गाळले जाणे, हे चराचे खरे काम होय.

बोअर भरण्याचे आश्वासनही इतके सरळ नाही. दख्खनच्या कातळात पाणी भेगांतून आणि कुजलेल्या थरांतून वाट काढते. चरात मुरलेले पाणी मुरमातून आडवे सरकून शेजारच्या विहिरीत किंवा ओढ्यात उतरू शकते, आणि चर इमारतीला खेटून असेल तर तळघरातल्या पार्किंगच्या भिंतीतूनही पाझरू शकते. हिवरे बाजारचे उदाहरण इथे नेहमी दिले जाते. पण तिथे डोंगरावरच्या सलग समतल चरांच्या जोडीला शेतीसाठी बोअर घेण्यावर बंदी आणि दरवर्षी मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद होता, हे सांगायचे राहून जाते.

‘उताराला आडवा’ हा सल्ला त्याच डोंगरावरच्या चरांचा आहे. तिथे पाणी अडवायचे असते. इमारतींच्या आवारात पाणी हळूहळू न्यायचे असते, म्हणून चराच्या तळाला लांबीच्या दिशेने एक ते दोन टक्के ढाळ लागतो आणि मध्ये लहान आडवे बांध लागतात. अचूक समपातळीत न खणलेल्या आडव्या चराचा काठ जिथे बोटभर खाली असतो, तिथूनच सगळे पाणी उसळते आणि त्याच जागी माती वाहून जाऊन घळ पडते.

देखभाल लागत नाही, हे तर निखालस खोटे आहे. पाणी आत येण्यासाठी कडेच्या दगडांत ठेवलेली फट पाहावी: दोन-तीन सरींतच तिच्या तोंडाशी गाळाची जीभ तयार होते, त्यावर पाने आणि गुटख्याच्या पुड्या अडकतात, आणि मग पाणी फटीला वळसा घालून रस्त्यानेच पुढे जाते, चर कोरडा तो कोरडाच. उलट तळ घट्ट झाला असेल तर पाणी साचून राहते. डासाची अळी पूर्ण वाढायला आठवडाभर लागतो, म्हणून चर दोन दिवसांत रिकामा झालाच पाहिजे. त्याची खात्री आधीच करता येते. हातभर खड्डा खणून तो एकदा भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि पट्टी उभी करून तासाला पाणी किती उतरते ते मोजावे. बांधकाम चालू असताना जेसीबी त्या जागेवरून फिरला असेल, तर हा आकडा हमखास निराशाजनक येतो.

राहता राहिले गटार. ते बुजवू नये. त्याची जाळी चराच्या शेवटी तळापासून 20 सेंटिमीटर उंचीवर बसवावी, म्हणजे त्या पातळीपर्यंतचे पाणी चरात थांबते आणि त्यावरचे, दारापर्यंत पोहोचण्याआधी, गटारात उतरते.