पंखा पाचवर

डिसेंबरातली रात्र. पुण्यात थंडी मी म्हणत होती. तीन वाजता पंखा पाचवर गरगरतोय, मी सोलापुरी चादरीत मुटकुळं करून पडलोय आणि बायको पलंगाच्या कडेला बसून घामाने भिजलेला गाऊन बदलतेय. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी म्हणालो होतो, "अगं, वेड लागलंय का? थंडीत पंखा?" ती काही न बोलता उशी घेऊन हॉलमध्ये गेली. त्या वाक्याची आजही लाज वाटते.

ती ४७ वर्षांची. पाळी कधी दीड महिन्याने, कधी पंधरा दिवसांत, आणि आली की आठ-आठ दिवस अंगावरून जायचं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, पण ही ओढाताण त्याआधी काही वर्षं सुरू होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. इस्ट्रोजेन खालीवर झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, आणि जरा काही निमित्त झालं की अंगातून वाफा. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली म्हणायचं. त्यानंतर थेंबभर जरी रक्त गेलं तरी डॉक्टर गाठायचा.

आम्ही नवरे ‘समजून घेतो’ म्हणजे काय करतो? गप्प बसतो, आणि वर त्याचं श्रेय घेतो. माझं म्हणणं, आधी झोपेचा हिशेब करा. तीन तास झोपलेल्या बाईने साडेपाचला उठून डबे करायचे, आणि ती चिडली की आपण तोंड पाडायचं! आता डबे माझ्याकडे. भाजी जमते. पोळ्यांचे नकाशे लेकाने नाकारले, म्हणून पोळ्यांना बाई लावली.

पहिल्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं, "दोन मुलं झालीत ना? पिशवी काढून टाका." बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना पिशव्या काढल्याच्या बातम्या वाचलेल्या, दोघंही दचकलो. दुसरीकडे गेलो. मी कॅलेंडरच नेलं होतं, दुधाच्या खाड्यांशेजारी पाळीच्या तारखा. डॉक्टरबाई हसल्या, पण तारखा उतरवून घेतल्या. सोनोग्राफी, थायरॉइड, रक्त. हिमोग्लोबिन ८.४! जिना चढताना लागणारा दम आम्ही वयाच्या खात्यावर टाकत होतो.

आईला सांगितलं तर म्हणाली, "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं." मग तांदूळ निवडता निवडता थांबली. "मी रात्री मोरीत बसून डोक्यावर गार पाणी ओतायचे. तुझ्या बाबांना काय कळणार."

मी तेव्हा कॉलेजात होतो. मोरीला लागूनच माझी खोली.