‘दाऊ’ म्हणजे ‘आपण’ नव्हे, ‘तू’

अभंगांची इंग्रजी भाषांतरं वाचताना एक गोष्ट मला फार खटकते. विठोबाला उद्देशून ‘दाऊ’ (thou) हे जुनं इंग्रजी सर्वनाम लिहिलं की भाषांतर भारदस्त झालं, असं आपल्याकडे धरून चालतात. हा जुना शब्द आपण प्रार्थनेत ऐकलेला, शाळेतल्या एखाद्या कवितेत वाचलेला, म्हणून तो ‘आपण’च्या तोडीचा असणार अशी समजूत पक्की बसली आहे. प्रत्यक्षात ‘दाऊ’ म्हणजे सरळ ‘तू’.

जुन्या इंग्रजीत एकाशी बोलताना ‘दाऊ’ आणि अनेकांशी बोलताना ‘यी’ (ye) नि ‘यू’ (you), एवढाच हिशेब होता. 1066 नंतर तिथे नॉर्मन राज्य आलं, दरबारात फ्रेंच आली आणि पुढे तेराव्या शतकापासून एकट्या मोठ्या माणसालाही ‘यू’ म्हणायची रीत रुळत गेली. आपल्या ‘तुम्ही’सारखीच. मग ‘दाऊ’ उरला लहानांसाठी, नोकरांसाठी, जिवलगांसाठी, देवासाठी. आणि भांडणासाठीही! 1603 मध्ये वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर न्यायालयात त्याच्यावर ओरडला, की देशद्रोह्या, मी तुला ‘दाऊ’च म्हणतो. एवढ्या मोठ्या सरदाराला चारचौघांत अरेतुरे केलं, हाच त्यातला घाव.

शेक्सपिअर वाचताना हा फरक कानाआड केला तर निम्मी गंमत जाते. हॅम्लेट आईच्या दालनात येतो तो प्रसंग घ्या. आई म्हणते, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस. तिथे ‘दाऊ’ आहे. तो उलट म्हणतो, आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत. तिथे ‘यू’. मुलांनी आईबापांना ‘यू’ म्हणणं तेव्हा रीतीला धरूनच होतं, त्यामुळे खरी मेख पुढच्याच ओळीत आहे. आई चिडते आणि तीही ‘दाऊ’ सोडून ‘यू’वर येते. आपल्या घरात रागावलेली आई लेकाला एकदम ‘तुम्ही मोठे झालात आता’ म्हणते ना, तेच! आजच्या इंग्रज वाचकाला हे टिपांमधून समजून घ्यावं लागतं, मराठी कानाला ते चटकन कळतं. म्हणून मराठीत शेक्सपिअर आणणाऱ्याने तरी हे ‘तू-तुम्ही’ सपाट करू नये. आपल्या हातात आयतं असलेलं हत्यार आहे ते.

सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्सच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी तर यावरून मार खाल्ला. देवापुढे सगळे सारखे, म्हणून गरीब असो की श्रीमंत, आम्ही सर्वांना ‘दाऊ’च म्हणणार, हा त्यांचा बाणा. थॉमस एलवूडने आत्मचरित्रात लिहिलंय, की पुन्हा मला ‘दाऊ’ म्हणालास तर दात घशात घालीन, अशी धमकी त्याला खुद्द वडिलांनी दिली होती. एका सर्वनामासाठी या माणसांनी एवढं सोसलं, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

मग हा शब्द सोवळ्यात गेला कसा? 1611 च्या इंग्रजी बायबलमुळे. त्यात ‘दाऊ’ फक्त एकवचन दाखवतो. देवालाही तोच, सैतानालाही तोच. पण बोलण्यातून तो हळूहळू गेला, यॉर्कशायरसारख्या भागांतल्या बोलींत तेवढा टिकला. इतरांच्या कानावर तो पडायचा फक्त प्रार्थनेत, त्यामुळे त्याला देवघराचा वास लागला.

आता परत अभंगाकडे. तुकोबा विठ्ठलाला ‘तू’ म्हणतात, त्याच्याशी भांडतात, रुसतात, त्याला जाब विचारतात. कोशाच्या हिशेबाने ‘दाऊ’ तिथे अचूक आहे, पण आजच्या वाचकाला तो नेमका उलटा ऐकू येतो. त्याच्या डोळ्यांपुढे उंच आसनावरचा देव येतो आणि खाली हात जोडून उभा असलेला भक्त. विटेवरच्या त्या सावळ्याशी असलेली सलगी पार निघून जाते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की अभंग इंग्रजीत नेताना साधं ‘यू’ वापरावं आणि सलगी क्रियापदांत, शब्दांच्या धसमुसळेपणात, भांडणाच्या सुरात आणावी. काम अवघड आहे, पण ‘दाऊ’ लिहून ते होत नाही.