साडेसहा तासांचं गणित पटलं नाही

दिल्ली-टोकियो विमानप्रवासाला किती वेळ लागतो यावरच्या लेखात दोन्ही शहरांमधलं सरळ अंतर सुमारे ५,८५० किमी दिलंय आणि त्याला विमानाच्या ताशी ९०० किमी वेगाने भागून साडेसहा तास काढलेत. भागाकार बरोबर आहे, पण विमान असं उडत नाही हो. ती सरळ रेषा हिमालय ओलांडून तिबेटच्या पठारावरून जाते आणि तिथली जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटपट १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन हजार मीटरवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. आता पठारावर उतरणार कुठे? म्हणून विमानं सहसा तो भाग टाळून दक्षिणेकडून वळसा घालतात.

शिवाय जाण्या-येण्याला एकच वेळ धरलीय, ते तर अजिबात चालणार नाही. जेट स्ट्रीमचे, म्हणजे खूप उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जपानच्या वर त्यांचा वेग ताशी २०० किमीच्याही पुढे सहज जातो. जाताना ते पाठीशी, येताना तोंडावर. त्यामुळे जायला साधारण आठ तास, तर परतताना साडेनऊ-दहा.

तिकिटावरच्या वेळा नुसत्या वजा करू नका, जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. रात्री ८ ला निघून सकाळी साडेसातला पोचलात तर प्रवास साडेअकरा तासांचा नाही, आठच तासांचा झाला.