नकटा म्हणजे थोबाड फुटलेला रोहू नव्हे

‘नदीकाठचा’ या नावाने तुम्ही नकट्यावरच्या लेखाखाली इतकं सविस्तर लिहिलंत, तेव्हा दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: कृष्णेत, वाईच्या खालच्या अंगाला, एका मित्राच्या गळाला वीतभर लांबीचा मासा लागला. मुस्कटावर आडवी खोल खाच, आणि खाचेच्या वरचा भाग टेंगळासारखा पुढे आलेला. मी त्याला नकटा या जातीचा मासा म्हटलं. मित्राने फोटो काढून तो परत पाण्यात सोडला. यावर तुमचं म्हणणं असं, की हा साधा रोहू आहे, बंधाऱ्यावर आपटून त्याचं थोबाड फुटलंय. नाकावरचे पांढरे दाणे म्हणजे रोग. फोटोवरून जात सांगणं म्हणजे घरबसल्या पांडित्य. आणि हाती आलेला मासा सोडणं हा शहरी चोचला.

थोबाडापासून सुरू करू. मासा दगडावर आपटला, जाळ्यात घासला, तर जखम एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी होते. कडा वेड्यावाकड्या भरतात, वण राहतो. लेखातला दुसरा फोटो मोठा करून बघा. खाच डावीकडून निघून उजवीकडे सारख्याच वळणाने गेलीय आणि खाचेच्या आतही त्वचा अखंड आहे. वण नाही, सूज नाही. जन्मतःच डोकं चेपलेले मासे असतात, ते मान्य. पण त्यांचं एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली, त्यात हा मासा आहे, चाकणजवळच्या इंद्रायणीतला. आज त्याचं शास्त्रीय नाव शिस्मॅटोऱ्हिंकस नुक्ता, त्यातलं ‘नुक्ता’ साइक्सचंच. आपल्या लोकांनी ठेवलेलं नाव साइक्सने जसंच्या तसं उचललं. पुढे १९४२ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरांनी याच मुस्कटाचा कीस काढला आणि सुमात्रा-बोर्निओकडच्या नात्यातल्या माशांपासून याला वेगळ्या उपगटात बसवलं. आता तुम्हीच सांगा, १८३९ साली चाकणला एक रोहू आपटतो आणि एकशे ऐंशीहून जास्त वर्षांनी वाईला दुसरा आपटतो, आणि दोघांचं थोबाड नेमकं एकाच जागी, एकाच आकारात फुटतं?

बरं, १८३९ साली इंद्रायणीत रोहू आला कुठून? रोहू, कटला, मृगळ हे गंगेकडचे मासे. कृष्णा-भीमेच्या पाण्यात ते माणसाने आणून सोडले, आणि धरणांमध्ये त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडणं आजही चालू आहे. चिलापी तर १९५२ साली भारतात आली, मूळची आफ्रिकेची. बाजारात पाटीभर दिसतात म्हणून हे आपल्याला घरचे वाटतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेला मासा दिसला की तो ‘बिघडलेला रोहू’ ठरतो. तुमच्या प्रतिक्रियेतलं मला खटकलेलं हे एवढंच. पाहुण्याला यजमान समजून यजमानाची ओळखपरेड चाललीय.

तुम्ही खवले मोजायचं सुचवलंत. सूचना चांगली आहे, पण इथे ती कामाची नाही. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी बारीक भोकांची रेघ जाते, तिच्यावरचे खवले मोजतात. खडशीसारख्या महाशीराला ते पंचविसाच्या आसपास भरतात, एवढे मोठे असतात. त्यामुळे महाशीर आहे की नाही, हा वाद दोन मिनिटांत मिटतो. रोहूला मात्र चाळीसच्या आसपास, आणि नकट्यालाही तितकेच. म्हणजे मोजून मोजून डोळे फुटतील, निकाल लागणार नाही. त्यापेक्षा तोंड बघावं. रोहूच्या ओठाला झालर असते, बोट फिरवलं की लागते. मुस्कट गोलसर, सलग, मध्ये कुठे खाच नाही.

आता ते पांढरे दाणे. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग माहीत असतो, तुमचा संशय तिथूनच आला असावा. तो रोग परजीवीचा. त्यात ठिपके पोहायच्या परांवर, अंगावर, कल्ल्यांवर, कुठेही उठतात. मीठ भुरभुरल्यासारखे दिसतात. या माशाला दाणे फक्त मुस्कटावर होते आणि मित्राने अंगठा फिरवला तेव्हा ते खरखरीत, टणक लागले. रोहूच्या या सगळ्या गोतावळ्यात कित्येक जातींना मुस्कटावर असे दाणे येतात, विणीच्या दिवसांत विशेष. औषधपाण्याची गरज नाही.

फोटोवरून नाव सांगू नये, हा तुमचा मुद्दा मात्र मी अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण ते माशावर अवलंबून आहे. वाम, मरळ, नकटा हे नीट काढलेल्या फोटोत लपत नाहीत. पण बोटाएवढ्या चिल्लर माशांचा, ओढ्यातल्या दगडाखालच्या माशांचा फोटो कुणी पाठवला तर मी हात जोडतो. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळ, देवळाच्या कुंडातला एक छोटा मासा शास्त्राला नवा आहे हे २०२० साली जाहीर झालं. पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. कुंडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना तो त्याआधीही दिसतच असणार. असल्या ठिकाणी नमुना हातात घेऊन, मोजमापं करूनच बोलावं लागतं.

आणि फोटोही कामाचा हवा. छातीशी धरून हसत काढलेल्या फोटोत माणूस ओळखू येतो, मासा नाही. मासा ओल्या हातावर किंवा ओल्या गवतावर आडवा ठेवा, पाठीचा पर उभा करा, शेजारी आगपेटी ठेवा म्हणजे लांबी कळते. एक फोटो बाजूने, एक तोंडाचा खालून. हे जिवंतपणीच करा. मेल्यावर रंग उतरतो, आणि पिशवीतून घरी नेलेल्या माशाचा करडा फोटो बघून कुणी जात सांगू लागला तर विश्वास ठेवू नका.

सोडण्याबद्दल. मी मासे खातो, चवीने खातो, आणि चिलापी गळाला लागली तर ती परत सोडायला मी कुणालाच सांगणार नाही. पण नकटा जगात फक्त कृष्णेच्या खोऱ्यात आहे, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो ‘धोक्यात आलेला’ म्हणून नोंदलेला आहे. तुमचे चुलते चाळीस वर्षं जाळं टाकताहेत आणि त्यांनी हा कधी पाहिला नाही असं तुम्ही लिहिलंत. तो नकटा नसल्याचा पुरावा म्हणून तुम्ही ते दिलंत. मला त्यातून उलटंच दिसतं. ते नदीच्या कुठल्या टप्प्यावर जाळं टाकतात, धरणाच्या साठ्यात की वाहत्या पाण्यात खडकाळीवर, तेवढं कळवा. त्यावर बरंच ठरतं.

शेवटी तुम्ही जोडलेला तुमच्या माशाचा फोटो. मांगूर म्हणताय, पण तो समोरून काढलाय, नुसत्या मिशा दिसतात, आणि आठ मिशा शिंगीलाही असतात. पाठीचा पर बघा. डोक्याच्या मागून शेपटीपर्यंत सलग गेला असेल तर मांगूर, पुढच्या बाजूला नुसता इवलासा असेल तर शिंगी. आणि अजून बादलीत जिवंत असेल तर बघताना कल्ल्यामागचे दोन काटे सांभाळा. शिंगीचा काटा विषारी असतो, टोचला तर हात ठणकतो.